सुतळीची गाठ

लोणावळा स्टेशनाबाहेर मोटारसायकली भाड्यानं देणारं एक दुकान आहे. दुकान कसलं, पत्र्याची शेड, आणि तिच्यापुढं रस्त्याच्या कडेला ओळीनं लावलेल्या पंधरा-वीस गाड्या. त्या ओळीपुढं आज सकाळी मी उभा होतो. वय छप्पन्न, कमरेला डॉक्टरांनी दिलेला पट्टा आणि खिशात सुतळीचा एक तुकडा.

आजूबाजूला पुण्या-मुंबईहून आलेली तरुण मंडळी होती. कुणी गाडीच्या आरशात केस बघत होतं, कुणी भुशीला आधी जायचं की खंडाळ्याला यावरून वाद घालत होतं. मी मात्र प्रत्येक गाडीपाशी वाकत होतो. सुतळीचं एक टोक जमिनीला टेकवायचं, दुसरं ताणून वर धरायचं आणि गाठ सीटच्या वर येते की खाली ते बघायचं. वाकलं की कंबर बोलायची, उठलं की गुडघा. नुसता वैताग. पाचव्या गाडीपाशीच वाटायला लागलं की सरळ लोकल पकडावी, कान्ह्याला उतरावं आणि मामाला सांगावं, नाही मिळाली. पण तेवढं खोटं बोलायची आता सोय उरली नव्हती. त्या बाबतीतला माझा कोटा मी फार पूर्वीच संपवलेला होता.

काल भाऊबीज झाली. आई असताना दरवर्षी ती आंदर मावळातल्या माहेरी, मामाला ओवाळायला यायची. ती गेल्यापासून तिच्या जागी मी येतो. मला काही ओवाळता येत नाही, म्हणून नाशिकहून येताना टॉवेल-टोपी आणि दुकानातल्या करंज्या आणतो. मामा टोपी डोक्याला लावून बघतो, करंजी मुकाट्यानं खातो आणि म्हणतो, बरी हाय. तिच्यासारखी न्हाई, हे तो म्हणत नाही, पण अर्धी करंजी ताटात उरते.

मामा आता अठ्ठ्याहत्तरचा आहे. दोन वर्षांपूर्वी त्याच्या अंगावरून वारं गेलं. तोंड सावरलं, हात सावरला, डावा पाय तेवढा मागं राहिला. तेव्हापासून घर, ओटी, आणि फार तर रस्त्यापर्यंतचा बांध, एवढंच त्याचं गाव. दत्ता, म्हणजे मामाचा मुलगा, त्याला आपल्या कारमधून दवाखान्यात नेतो. पण कारमध्ये बसायचं म्हटलं की मामा तोंड फिरवतो. काचेच्या आतनं गाव बघायला मी काय पावना हाय का, म्हणतो. दत्ताकडे मोटारसायकल आहे, पण तिची मागची सीट इतकी उंच की तिच्यावर माणसापेक्षा माकडानं बसावं. मामानं एकदा विषय काढला होता, तर दत्ता म्हणाला, आबा, हे काय वय आहे का तुमचं? विषय तिथंच संपला.

आज सकाळी दत्ता तळेगावच्या कंपनीत ड्युटीवर गेला आणि मामानं मला खुणेनं जवळ बोलावलं. कोपरीच्या खिशातून ही सुतळी काढली, माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाला, "मला एक डाव गाडीवर बसव. टांग टाकून. म्हसोबाच्या वळनापत्तूर नेऊन आन, मग न्हाई म्हननार कवा."

मी सुतळीकडे बघत राहिलो.

"ती गाठ हाय न्हवं, तितवर माजा पाय उचालतो. शीट तिच्या वर जानारी गाडी घिऊ नगंस," तो म्हणाला.

सुतळीनं माप घेणं मामाला नवं नाही. बैलजोडीतला एक बैल गेला की उरलेल्याची उंची तो सुतळीनं घ्यायचा, वशिंडाशी गाठ मारायचा आणि ती सुतळी खिशात घालून बाजाराला जायचा. जोडीदार उंच-बुटका झाला की जू वाकडं बसतं आणि खांद्याला जखम होते. व्यापारी म्हणायचे, पाटील, बैल घेताय की सदरा शिवताय. मामा खिशातून सुतळी काढायचा. शिंगं, दात, चाल सगळं नंतर, आधी गाठ.

तर अशी ती गाठ घेऊन मी लोणावळ्याच्या फुटपाथवर वाकत होतो. शेवटी दुकानाच्या मालकीणबाईच उठून आल्या. पंचेचाळिशीच्या असाव्यात. एकाच वेळी फोनवर हिंदी आणि समोरच्याशी मराठी बोलत होत्या. त्यांनी फोन ठेवला आणि विचारलं, काका, हे काय चाललंय? मी सांगितलं. मामा, पाय, गाठ, सगळं. त्या हसतील असं वाटलं होतं. त्या म्हणाल्या, लोक रंग बघतात, आवाज बघतात, सुतळी लावून गाडी बघणारे तुम्ही पहिलेच. मग माझ्या हातातून सुतळी घेतली. सोडा, तुम्ही नका वाकू, म्हणाल्या, आणि स्वतः उकिडव्या बसल्या.

बऱ्याचशा गाड्या गाठीच्या वर गेल्या. डोंगरात न्यायच्या त्या तर चार बोटं वर. दोन-तीन ठेंगण्या होत्या, पण त्यांची मागची सीट पाटाएवढी. तिच्यावर म्हातारं माणूस ठेवायचं म्हणजे देव्हाऱ्यात ठेवल्यासारखं. बाई माप घेत होत्या, मी नुसता उभा होतो आणि नाकात कुठूनतरी पेट्रोलचा वास येत होता. तो वास आला की मला आजही आठ-नऊ वर्षांचा असल्यासारखं वाटतं.

मामाची गाडी लाल टाकीची होती. ऑइल मिसळलेलं पेट्रोल पिणारी. किक मारली की निळा धूर सोडायची आणि तो धूर गोठ्यातल्या शेणाच्या, दुधाच्या, ओल्या गोणपाटाच्या वासात मिसळायचा. दिवाळीच्या सुट्टीत आई माहेरी आली की मी पहाटेपासून त्या वासाची वाट बघत पडून राहायचो. मामा दुधाचा रतीब घालायचा. गावातलं दूध गोळा करून दोन मोठ्या किटल्या मागं आकड्यांना अडकवायच्या, त्यांच्यावर ओलं फडकं बांधायचं आणि कान्हे, वडगाव करत तळेगावपर्यंत जायचं. भरल्या किटल्या जमिनीवरून उचलून लावणं हे दोन माणसांचं काम. मामा ते एकट्यानं करायचा. रस्त्याकडेला मामाच्या शेताचा बांध होता, मांडीएवढा उंच. गाडी बांधाला चिकटून लावायची, किटल्या बांधावर ठेवायच्या आणि नुसत्या सरकवून आकड्यात अडकवायच्या. बांधाचा तो भाग दुधानं पांढरा पडलेला असायचा, मुंग्या हलत नसत.

मी पुढं टाकीवर बसायचो. उगाच नाही, मला काम होतं. वडगावात कचेरीसमोरच्या घरांचा रतीब उजव्या किटलीतून जायचा, म्हणून वडगाव सुटलं की गाडी डावीकडे ओढायची. मग मामा म्हणायचा, सरक. मी टाकीवर उजवीकडे सरकायचो आणि गाडी सरळ व्हायची. माझा पासंग हाय त्यो, मामा तळेगावच्या गिऱ्हाइकांना सांगायचा. तिथं मास्तरीणबाई, कारकुनांच्या बायका पातेली घेऊन दारात उभ्या असायच्या. मामा माप काठोकाठ भरायचा, ओतायचा आणि वर अर्ध्या मापाचा वरताळा घालायचा. एका बाई म्हणाल्या होत्या, एवढं वर घालता म्हणजे पाणी घालत असाल. मामाचा चेहरा उतरला. त्यानं दुसऱ्या दिवसापासून त्यांना वरताळा बंद केला आणि माप तेवढंच, काठोकाठ. महिन्याभरानं बाईंनी हात जोडले, तरी त्यानं पुन्हा चालू केला नाही.

जाताना म्हसोबाच्या वळणावर गाडी थांबायची. झाकणातून ओंजळभर दूध दगडावर. थंडीत त्या दुधाची वाफ निघायची. मामा पुटपुटत काय म्हणायचा ते मी कधी विचारलं नाही, आता विचारायला हवं होतं असं वाटतं.

"काका, ही बघा," बाईंनी हाक मारली.

शेडच्या मागं, भाजीच्या पिशव्या हँडलला अडकवलेली एक साधी, जुनी गाडी होती. लांब, सपाट सीट. ही भाड्याची नव्हती, त्यांच्या यजमानांची होती, बाजारहाटाला. बाईंनी सुतळी लावली. गाठ सीटच्या बरोबर काठाला आली, तांदूळभर इकडं नाही की तिकडं नाही. त्यांनी गाठ नखानं चाचपली आणि म्हणाल्या, गाठ फार जुनी दिसते हो. मी म्हटलं, खेड्यात सुतळी जुनीच असते. तिथं एक क्षण डोकं चालवलं असतं तर सगळं कळलं असतं. सीटएवढ्या उंचीवर पाय मला तरी उचलता येतो का, एवढा तरी विचार करायचा. पण दमलेला माणूस समोर जे जुळतं त्यावर विश्वास ठेवतो. बाईंनी लायसन्स बघितलं, दुसरं हेल्मेट कुणाला ते विचारलं, मामाचं वय ऐकून क्षणभर थांबल्या. पिशव्या उतरवून घेतल्या आणि पाचच्या आत आणा, हळू चालवा, एवढंच म्हणाल्या.

मी शेवटची मोटारसायकल चालवली त्याला अकरा वर्षं झाली. पण पायाला किक आठवत होती. जुन्या हायवेनं ट्रक अंगावर यायचे आणि मी डाव्या कडेला चिकटून, बैलगाडीच्या वेगानं. कामशेत गेलं, कान्हे फाटा आला, मी आत वळलो आणि एकदम भाताचा वास आला. इंद्रायणी भात पिवळा होऊन लवला होता, काही खाचरांत कापणी सुरू होती. या वासावर तरी कुणी अजून प्लॉट पाडलेले नाहीत. बाकी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कुंपणंच कुंपणं आणि त्यांच्यावर बंगल्यांची चित्रं.

खरं सांगायचं तर मी मामासाठी दमत नव्हतो, त्या लाल गाडीसाठी दमत होतो. दुधाचा टेम्पो गावात यायला लागला आणि मामाचा रतीब बंद पडला. त्याच वर्षी मी पुण्याला कॉलेजात गेलो. मामानं किटल्यांचे आकडे स्वतः पान्यानं सोडवले, गाडी ओढ्यावर नेऊन धुतली, टाकीला हळदीकुंकू लावलं आणि किल्ली माझ्या हातात दिली. बैल दुसऱ्याच्या दावणीला देताना करतात तसं सगळं केलं. मी ती दोन वर्षं पळवली. मग ती बंद पडली आणि खोलीच्या मागं, पेरूच्या झाडाखाली उभी राहिली. मी दुरुस्त करीन करीन म्हणालो. तिच्या सीटवर कोंबड्या बसायच्या. नाशिकला नोकरी लागली त्या आठवड्यात भंगारवाला आला आणि वजनावर घेऊन गेला. त्यानंतर गावी आलो की मामा विचारायचा, गाडी काय म्हनती? मी म्हणायचो, मजेत आहे. चार-पाच वर्षं विचारलं, मग विचारायचं थांबला. मी का सांगितलं नाही, देव जाणे. एकदा सांगायचं राहिलं की पुढच्या वेळी जास्त अवघड होतं.

घरी पोचलो तर मामा ओटीवर तयार बसला होता. धुतलेलं धोतर, कालची नवी टोपी. गाडीचा आवाज ऐकून काठी टेकत उठला, अंगणात आला आणि गाडीभोवती एक फेरी मारली. सीटवर हात फिरवला. मी सुतळी लावून दाखवली, बघ, बरोबर गाठीला. मामानं मान डोलवली, एक हात माझ्या खांद्यावर ठेवला, दुसरा सीटवर आणि पाय उचलला.

पाय वीतभर उचलला गेला.

त्यानं पुन्हा उचलला. पुन्हा वीतभरच. मी म्हटलं, सावकाश, घाई नाही. तिसऱ्यांदा त्याचं सगळं अंग थरथरलं, टोपी तिरकी झाली आणि पाय जमिनीवरून जेमतेम सुटला. मामी दारात उभी होती, तीच पुढं आली. तिनं माझ्या हातातली सुतळी घेतली.

"ही गाठ ह्यांची आजची न्हाई रं," ती म्हणाली. "ती लाल गाडी घ्यायची ठरली तवा तुज्या आयनं मारल्याली. वन्सं दिवाळीला आल्या हुत्या. ह्यांनी हितंच, बैलगाडीच्या चाकावर पाय ठिवला आन त्यांनी गाठ मारली. मग सुतळी घिऊन पुन्याला गेलं गाडी बगाय. तवाधरनं गोठ्यात खुट्टीला व्हती. आज सकाळी काढली, मी म्हनलं काय करताय, तर गप बस म्हनले."

मी मामाकडे बघितलं. तो रस्त्याकडे बघत होता.

"मला वाटलं गाडी आली की उचालंल," तो म्हणाला.

मला राग यायला हवा होता. सकाळपासूनची कंबर, तो हायवे, ते ट्रक. राग आला नाही, रडू आलं, आणि तेही दाखवण्याइतकी ताकद नव्हती. आईनं मारलेली गाठ मी सकाळपासून लोणावळ्याच्या फुटपाथवर ताणत होतो आणि मला तिची ओळख पटली नव्हती.

मग मला बांध आठवला. अजून तिथंच होता, थोडा खचलेला, गवत वाढलेला. मी गाडी सुरू केली आणि रस्त्यावर नेऊन बांधाला चिकटून लावली. मामाला काही सांगावं लागलं नाही. घराकडच्या अंगाला बांधाचा उतार होता, तिथून मामीनं त्याला काठी आणि खांदा देत वर चढवलं. तो बांधावर उभा राहिला तेव्हा सीट त्याच्या गुडघ्याच्याही खाली होती. तिथून तो नुसता बसला, सरकला आणि दुखरा पाय मामीनं दोन्ही हातांनी धरून पलीकडे टाकला. किटली अडकवतात तसाच. मग तिनं आपलं एक जुनं लुगडं आणलं, मामाच्या पाठीमागून घेऊन माझ्या पोटावर घट्ट गाठ मारली आणि पाण्याच्या बाटलीत दूध घालून मामाच्या हातात दिलं. दत्ता यायच्या आत या, म्हणाली.

मामा मला पाठीवर वाळक्या काटकीसारखा लागत होता, इतका हलका. हेल्मेट घालायला तयार नव्हता, मामीनं डोळे वटारले तेव्हा घातलं. पहिल्या वळणावर गाडी डावीकडे ओढायला लागली, त्याचा डावा पाय लोंबत होता. मी म्हटलं, मामा, उजवीकडे सरक. तो सरकला. गाडी सरळ झाली. पाठीमागून त्याचं हसू मला ऐकू आलं नाही, पोटावरच्या लुगड्याला बसलेल्या हिसक्यांतून कळलं. हेल्मेटची काच वर करून तो वाऱ्याला तोंड देत होता आणि रस्त्यातल्या एकेका माणसाला नावानं हाक मारत होता. त्यातले निम्मे त्याला ओळखत नव्हते.

म्हसोबाच्या वळणावर मी गाडी थांबवली. उतरता येणार नव्हतं, दोघं एकाच लुगड्यात बांधलेले. दगडाला आता टाइल्स लावल्यात. मामानं बाटली उघडली, वास घेतला आणि म्हणाला, पिशवीचं हाय. मग बसल्या जागेवरून दगडाच्या दिशेनं फेकलं. निम्मं रस्त्यावर, थोडं माझ्या पायावर, एखादा थेंब टाइल्सवर. चालतंय त्याला, तो म्हणाला.

गाडी बंद होती. कुठंतरी भात झोडपल्याचा आवाज येत होता.

"ती गाडी चालती इकलीस का बंद?" त्यानं मागून विचारलं.

इतक्या वर्षांनी. मला त्याचं तोंड दिसत नव्हतं, बरं झालं.

"चालती," मी म्हणालो.

"मंग बरं," तो म्हणाला. "चालती इकली म्हंजी कुनीतरी चालवली आसंल."

आम्ही परत आलो. बांधापाशी मामी उभीच होती. तिनं त्याला उतरवलं, अंगणात आणलं, ओटीवर बसवलं, पाणी दिलं. चार वाजत आले होते, मला लोणावळ्याला गाडी पोचवायची होती. मी सुतळी त्याच्या हातात दिली, म्हटलं, ठेव परत खुंटीला. त्यानं ती बोटाभोवती गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली.

"माजं झालं," तो म्हणाला. "तुजं माप घिऊ. पाय उचल."

मी म्हटलं, मला कशाला?

"उचल की. लागंल कवातरी."

मी ओटीच्या खांबाला धरलं आणि पाय उचलला. कमरेत कळ गेली. तरी मी दात आवळून तो वर, आणखी वर, त्या जुन्या गाठीजवळ न्यायचा प्रयत्न केला. मामा सुतळी लावून बसला होता. त्यानं माझ्या पायाकडे बघितलं नाही, माझ्या तोंडाकडे बघितलं.

"खरं माप दे," तो म्हणाला.

मी पाय खाली आणला, कळ थांबेपर्यंत. आईच्या गाठीपासून चांगला हातभर खाली. एका पायावर उभा होतो, खांबाला धरून, आणि तसाच म्हणालो, "मामा, गाडी बंद होती. मी ती भंगारात दिली. वजनावर."

त्यानं माझ्या टाचेपाशी सुतळीला पीळ दिला, गाठ मारली, एक टोक दातात धरून ती घट्ट ओढली आणि वरून अंगठ्यानं दाबून बघितली.

"ठेव आता पाय खाली," तो म्हणाला.